खिडकीत अडकलेला खोखा

नवी बंदूक नीट चालली नाही तर कायमचा घरी येईन, असा शब्द मी बायकोला दिला होता. दिला होता म्हणजे, तिनं तो माझ्याकडून काढून घेतला होता. चोवीस वर्षं फौज, त्यानंतर बारा वर्षं सांगलीत एका बँकेच्या दारात बंदूकवाला रखवालदार. या छत्तीस वर्षांत माण तालुक्यातल्या आमच्या गावात मी सलग दोन महिनेसुद्धा राहिल्याचं आठवत नाही. तिथं ती शेळ्या, दोन एकर कोरडं रान आणि माझी वाट बघणं हे सगळं एकटीनं सांभाळत होती. मुलगी लग्न होऊन सासरी गेली. घरावर स्लॅब पडला. पेन्शन दोघांना पुरून उरत होती. मग आता कशासाठी थांबलाय, असं तिनं विचारलं. मी चिडलो. चिडून झाल्यावर मी शब्द दिला.

बंदुकीचं कारण असं झालं. ज्या एजन्सीमार्फत मी बँकेत उभा राहायचो तिनं नवा नियम काढला, की यापुढं दोन नळ्यांची दुनळी चालणार नाही, एका नळीची पंप बंदूक पाहिजे. लोकांना वाटतं रखवालदाराच्या खांद्यावरची बंदूक बँकेची असते. तसं नाही. ती त्याची स्वतःची असते, लायसन त्याच्या नावावर असतं, आणि खरं बोलायचं तर नोकरी त्या बंदुकीलाच मिळते. माणूस तिच्या मागून जातो. माझ्याकडं जुनी दुनळी होती. ती मिस्त्रीच्या दुकानात परत दिली आणि पंप घेतली.

मिस्त्री म्हणजे सांगलीतल्या एका बोळात बंदुका विकणारा आणि दुरुस्त करणारा म्हातारा. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा असेल. दुकान एवढंसं, त्यात तो, त्याचं घासायचं टेबल आणि भिंतीला साखळीनं बांधलेल्या बंदुका. पंप माझ्या हातात देताना तो म्हणाला होता, "हवालदार, बंदुकीत दोष निघाला तर मी परत घीन. जबान हाय." बायकोला मी फोनवर हे सांगितलं. ती लगेच म्हणाली, "मग दोष निघाला तर तुमी पण परत यायचं." शब्द गेला तो तिथं.

दुनळीचं साधं होतं. मधोमध मोडायची, दोन काडतुसं भरायची, झाडायची, पुन्हा मोडून रिकामी टरफलं बोटानं ओढून खिशात टाकायची. पंपाच्या नळीखाली एक सरकती मूठ असते. बार झाला की ती डाव्या हातानं मागं ओढायची, म्हणजे रिकामं टरफल उजव्या अंगाच्या खिडकीतून बाहेर उडतं. मग मूठ पुढं ढकलायची, म्हणजे नवं काडतूस आत जातं. त्या रिकाम्या टरफलाला आम्ही फौजेतली माणसं खोखा म्हणतो. सगळं घोडं अडलं ते त्या खोख्यावर.

शहराबाहेर टेकडीच्या पायथ्याला फायरिंगची जागा होती. एजन्सीनं नव्या बंदूकवाल्यांना तिथं नेलं. आमचा सुपरवायझर इस्लामपूरकडचा, माझ्या निम्मी फौज करून आलेला, अंगावर अजून पोट न सुटलेला गडी. त्यानं पाच काडतुसं भरायला सांगितलं. पहिला बार झाला. मी मूठ ओढली आणि खोखा अर्धा बाहेर येऊन खिडकीत उभाच अडकला. तो बोटानं काढला. दुसरा बार, पुन्हा तेच. तिसऱ्याला तर खोखा आत राहिला आणि खालून नवं काडतूस वर आलं, दोघांची आत दाटी झाली. बाकीचे रखवालदार मागं उभं राहून बघत होते. कुणी हसलं नाही, त्याचंच मला जास्त वाईट वाटलं.

"काका," सुपरवायझर म्हणाला, "पंधरा दिवसांनी परत या. पाच बार, पाची खोखे बाहेर. न्हाईतर मला दुसरा माणूस बघावा लागंल. वरनं हुकूम हाय."

त्या संध्याकाळी सांगलीजवळच्या कुपवाडातल्या माझ्या खोलीवर आलो. शेजारी पत्र्याच्या शेडात पट्ट्या कापायचं मशीन, ते रात्री नऊपर्यंत ठोकत असतं. त्या ठोक्यांत मी बारा वर्षं जेवलो. बायकोचा फोन आला. "अडाकली व्हय?" तिनं विचारलं. तिच्या आवाजात काळजी होती की दुसरं काही, ते मला तेव्हा कळलं नाही. पुढचे पंधरा दिवस ती रोज हाच प्रश्न विचारणार होती.

बंदूक नवी असली की कारखान्याचं घट्ट ग्रीस तिच्या पोटात असतं. ते तसंच राहिलं तर सगळं जड चालतं. मला हे माहीत होतं, पण नव्या वस्तूचा मान म्हणून मी ती उघडली नव्हती, वरवर फडकं मारलं होतं. ही चूक झाली. शेजारच्या शेडातून वाटीभर डिझेल आणलं, बंदूक पोत्यावर मोकळी केली, गजाला चिंधी गुंडाळून नळी घासली. पिवळट मलमासारखं ग्रीस निघालं. टरफलाची कड धरून त्याला बाहेर खेचणारा एक बारीक आकडा असतो, त्याच्या खाचेतही ते बसलेलं होतं. काडीनं कोरून काढलं. मग पुसून कोरडी केली, तेलाचा हात फिरवला. अंगठ्याला काळं लागलं ते तीन दिवस गेलं नाही.

बँकेत गोष्ट पसरली होतीच. कॅशियरनं मोबाईलवर कुठल्यातरी गोऱ्या माणसाचा व्हिडिओ दाखवला, तो इतकं भरभर बोलत होता की त्याची बंदूक काय म्हणतेय ते मला कळेना. चहावाला म्हणाला, नव्या वस्तूला नजर लागते, लिंबू उतरून टाका. उंटावरचे शहाणे काय कमी असतात? ज्यांनी आयुष्यात टिकलीची बंदूक वाजवली नव्हती तेही मला आकडा वाकवून बघा म्हणाले. खुर्चीवर बसून दाराकडं बघत राहिलो. खरं तर दमायला झालं होतं. बंदुकीनं नाही, त्या सारख्या विचारण्यानं.

ग्रीस काढल्यावर माझा संशय काडतुसांवर गेला. ती माझ्या जुन्या चामडी पट्ट्यात सात-आठ वर्षं खोवलेली होती. चामड्यामुळं त्यांच्या पितळी बुडावर हिरवा थर चढला होता, आणि पावसाळ्यातल्या ओलीनं दोन-तीन अंगानं फुगलीही होती. फुगलेलं टरफल नळीत घट्ट बसणारच. म्हणून मिस्त्रीकडं नवी घ्यायला गेलो. नवी देताना तो झाडलेली जुनी टरफलं मागतो, तो त्याच्या धंद्याचा नियमच आहे. मी बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यातून माझी टरफलं काढून त्याच्यापुढं ओतली. बारा वर्षांत झाडलेलं एकही मी हरवलं नव्हतं.

"आवं, एवढी कशाला साठवली?" मिस्त्री म्हणाला.

"असू द्या. हिशोब नको चुकायला."

दुकानामागं गवत माजलेल्या जागेत त्याचा वाळू भरलेला खड्डा होता, बंदूक तपासायला. तिथं मी नव्या काडतुसांचे दोन बार काढले. दोन्ही वेळा खोखा खिडकीत अडकला. मिस्त्रीनं बंदूक माझ्या हातातून घेतली, स्वतः दोन झाडले. दोन्ही खोखे खिडकीतून सुटून मागच्या भिंतीवर आपटले. पुन्हा माझ्या हातात दिली. पुन्हा अडकला.

"नाचता येईना अंगण वाकडं, आसं म्हणत न्हाई मी," मिस्त्री म्हणाला. म्हणत नाही म्हणत त्यानं ते म्हटलंच. "पर डाव्या हातात जोर कमी पडतोय का बगा."

माझा डावा खांदा फौजेतच दुखावला होता. उंच ठिकाणच्या एका रस्त्यावर गाडीतून पडलो होतो. थंडीत तो आखडतो, उशाखाली हात घेता येत नाही. मिस्त्रीचं बोलणं ऐकून मी तो खांदा चाचपत राहिलो. बंदुकीत दोष निघणं वेगळं आणि आपल्यात निघणं वेगळं. बंदूक परत घेणारा मिस्त्री होता. मला परत घेऊन नवा हात कोण देणार? मिस्त्रीला माझी अवस्था दिसली असावी. त्यानं मला सहा पितळी नकली काडतुसं दिली, परत आणून द्यायच्या बोलीवर. म्हणाला, घरी बसून हात बसवा.

दोन दिवसांची रजा काढून मी गावाला गेलो. बंदूक खोळीत, लायसन वरच्या खिशात. विट्यावरून एसटीनं जाताना दर वेळी असं होतं, की मायणी मागं पडली की ऊस संपतो आणि माळ सुरू होतो, आणि मला उगाच अपराधी वाटायला लागतं. घरी पोचलो तेव्हा बायको शेळ्यांना पाला टाकत होती. तिनं माझ्याकडं पाहिलं, मग खोळीकडं पाहिलं. "घिऊन आलाय व्हय तिला," एवढंच म्हणाली.

जेवण झाल्यावर मी सोप्यात वाकळ अंथरली, म्हणजे काडतुसं खाली पडून ठोकरली जाऊ नयेत. नकली काडतुसं भरली, बंदूक भिंतीकडं धरली आणि मूठ ओढली. काडतूस खिडकीतून सुटलं आणि वाकळेवर पडलं. दुसरंही. सहाही. पुन्हा भरली, पुन्हा सहाही बाहेर. बायको शेजारी बसून एकेक गोळा करून मला देत होती. तीन वेळा भरून झाल्यावर माझा खांदा ठणकत होता, पण काडतूस एकही अडकलं नव्हतं. मला इतका आनंद झाला की मी हसलो.

ती हसली नाही. हातातली दोन काडतुसं तिनं वाकळेवर ठेवली.

"हितं तर चालती," ती म्हणाली.

"व्हय. हात चांगला हाय म्हणायचा माजा."

"मग तिथं का चालत न्हाई?"

"त्येच तर कळंना."

"हितं चालती तर हितंच ऱ्हावा की मग." असं म्हणून ती उठली आणि शेळीची धार काढायला गेली.

थट्टाच होती ती, पण मला ती झोंबली. दुसऱ्या दिवशी सकाळी पारावर गेलो तर पहिल्याच माणसानं विचारलं, "कवा आला? आन परत कवा?" गावात मला हे दोनच प्रश्न विचारतात. आपल्याच गावात पाहुणा झालेल्या माणसाला तिसरा प्रश्न विचारायचा तरी काय? घरीही माझं तेच. तांब्या कुठं असतो ते मला विचारावं लागतं. शेळ्या माझ्या हाकेला मान वर करत नाहीत. कायमचा घरी ये म्हणणं सोपं आहे, पण घरी येऊन मी करणार काय, ही भीती मी तिला कधी बोलून दाखवली नाही. खरं सांगायचं तर मी बँकेच्या दारात थांबलो होतो तो त्या भीतीनंच.

सांगलीला परत आल्यावर नकली काडतुसं द्यायला मिस्त्रीकडं गेलो. त्याला सांगितलं, घरी अठरापैकी अठरा बाहेर आली, हात शाबूत आहे, बंदुकीचंच काहीतरी आहे. तो म्हणाला, करून दाखवा. मी त्याच्या टेबलाजवळ चटईवर उभा राहिलो आणि दाखवलं. सहाही उडाली. मिस्त्रीनं चष्मा वर केला.

"आता दाराशी या जरा. वीज गेलिया, हितं दिसंना मला आकडा कसा वडतोय त्यो."

मी उंबऱ्याशी पायरीवर उभा राहिलो. शेजारच्या भिंतीकडं नळी धरली. माझ्या उजव्या हाताला, पायरीच्या खाली, बोळातलं उघडं गटार वाहत होतं. मूठ ओढली. काडतूस खिडकीत अडकलं. पुन्हा ओढली, पुन्हा अडकलं. तिसऱ्यांदा तेच. माझ्या कपाळावर घाम आला.

मिस्त्री पायरीवर आला. त्यानं मला दंडाला धरून फिरवलं, गटार डाव्या हाताला आणि चटई उजव्या हाताला. "वडा," म्हणाला. ओढली. काडतूस सुटून चटईवर पडलं. पुन्हा फिरवलं, गटार उजव्या हाताला. अडकलं.

मग तो म्हातारा उंबऱ्यावर बसला आणि पोट धरून हसला.

"आवं हवालदार, ह्या तोंडाला अडाकती आन त्या तोंडाला उडती, असली बंदूक मी चाळीस वर्सांत बगितली न्हाई. तुमची नजर कुठं हाय? गटारात! माजं काडतूस गटारात पडंल म्हनून तुमी मूठ पुरती मागं आनतच न्हाई. मागं आदळायच्या आदीच हात थांबतोय. मूठ पुरती मागं गेल्याबिगर खोखा उडतोय व्हय कदी? तिथं टेकडीखाली आन माज्या खड्ड्याशी पण त्येच. गवतात खोखा हरवंल म्हनून जिवाला घोर. खरं का खोटं?"

मी पायरीवर बसलो. खरंच होतं. माझं मलाच आतापर्यंत दिसलं नव्हतं.

फौजेत फायरिंग झालं की जेवढे राउंड दिले तेवढे खोखे मोजून जमा करावे लागतात. पंजाबात असताना एका हिवाळ्यात माझ्या सेक्शनचा एक खोखा कमी भरला. मोजणी माझ्याकडं होती. दहा जण दुपारपासून गुडघ्यावर रांगत ओल्या गवतात हात घालत होतो. अधिकारी मागं उभा. तो सारखा घड्याळ बघत होता. शेवटी दिवस कलल्यावर तो खोखा एका जवानाच्या जर्सीच्या घडीत सापडला. शिक्षा झाली नाही, पण तेव्हापासून बार झाला की माझा कान आवाजाकडं नसतो, खोखा कुठं पडला तिकडं असतो. रायफलचा खोखा ती आपली आपण फेकते, माझ्या हाताचा तिथं काही इलाज नव्हता. दुनळीचा बोटात यायचा. पंपाची मूठ मात्र माझ्या हातात होती, आणि हात त्याच्या सवयीनं खोख्याला जपत होता. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. माझी तर हातात उतरली होती.

"मग काय करायचं?" मी मिस्त्रीला विचारलं.

"काय करायचं? खोखा माजा न्हाई म्हनायचं आन वडायचं. मागं आदळू द्यायची, लय जोरात. मोडत न्हाई ती." मग त्यानं चष्मा पुसला. माझ्या बायकोचं आणि माझं काय ठरलंय ते मी त्याला मागंच बोलून बसलो होतो. "का परत घिऊ बंदूक? मी जबान दिलीया. दोष हाय म्हनून लिहून देतो. तुमाला घरी जायला कारन हुईल."

त्यानं ते थट्टेत म्हटलं की खरोखर, मला अजून सांगता येणार नाही. मी "बघू" म्हणालो. बंदूक खोळीत घातली आणि गाडीला किक मारली.

कुपवाडच्या रस्त्याला सुटी झालेल्या कामगारांच्या गाड्यांची गर्दी होती. तिच्यात मी एका कडेनं हळूहळू चाललो आणि पहिल्यांदाच सरळ विचार केला. मुद्दाम काही करायची गरजच नव्हती. टेकडीखाली जायचं, पाच बार काढायचे आणि हाताला त्याच्या मनासारखं वागू द्यायचं. तो थांबणारच. खोखा अडकणारच. सुपरवायझर मान हलवणार, मिस्त्री बंदूक परत घेणार, आणि मी गावाला जाणार. कुणी म्हणणार नाही की हवालदार थकला. म्हणतील, बंदूक खराब निघाली बिचाऱ्याची. बायकोला दिलेला शब्द राहील, माझी पत राहील. त्या रस्त्यावर मी हे पक्कं केलं. पक्कं केल्यावर खांद्यावरचं मोठं ओझं उतरल्यासारखं वाटलं, आणि खरं सांगतो, माझे डोळे भरून आले. छत्तीस वर्षांत इतकं घरी जावंसं मला कधी वाटलं नव्हतं.

त्या संध्याकाळी तिचा फोन आला. "अडाकती का अजून?"

"अडाकती," मी म्हणालो. गटाराची गोष्ट मी तिला सांगितली नाही.

"बगा बाई," ती म्हणाली. पण आवाज हलका होता. मग बराच वेळ ती पाठीवर काळा पट्टा असलेल्या नव्या करडाबद्दल बोलत राहिली. एवढं ती फोनवर कधी बोलत नाही.

फायरिंगच्या दिवशी सकाळी आम्ही चौघेच होतो. बाकी तिघांचे बार झाले. सुपरवायझर माझ्याकडं आला. तो वाईट माणूस नव्हता, हे मला सांगितलं पाहिजे. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि इतरांना ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाला, "काका, न्हाई जमलं तर मनाला लावून घिऊ नका. वय झालं आता तुमचं. ह्या बंदुका पोरांच्या हातच्या हायत. मी माणूस बघून ठेवलाय, तुमी बिनघोर घरी जावा."

मला पाहिजे होतं तेच तो देत होता. तसंच्या तसं, हातात आणून. आणि माझं डोकं फिरलं. पोरांच्या हातच्या! हा पोरगा फौजेत गेला नसेल तेव्हा मी लोकांना बंदूक धरायला शिकवत होतो. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, तो माझ्याबाबतीत त्या क्षणी गेला नाही. मी बंदूक खांद्याला लावली. गवत, टेकडी, खोखा, घर, काही बघितलं नाही. बार काढला आणि मूठ अशी मागं आदळली की खांद्यातून कळ मानेपर्यंत गेली. खोखा उडून कुठं गेला ते मी पाहिलं नाही. दुसरा. तिसरा. चौथा. पाचवा काढताना दात इतके आवळले गेले होते की जबडा दुखायला लागला. पाची बाहेर. मागं कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

"वा काका!" सुपरवायझर म्हणाला. त्याला मनापासून आनंद झाला होता. त्यानं तिथंच कागदावर माझ्या नावापुढं टिक केली. "सोमवारपासनं ड्युटीवर या. निदान तीन वर्सं तरी तुमाला कोण हलवत न्हाई आता."

तो हे म्हणाला तेव्हा माझा राग उतरला. मागं उरलं ते मी काय करून बसलो, एवढंच.

बाभळीखाली जाऊन मी बंदूक खोळीत घातली. खोळीचा बंद लवकर बसेना. मग बायकोला फोन लावला. तिनं पहिल्याच घंटीला उचलला.

"झालं का?"

"झालं."

"अडाकली?"

"न्हाई. पाची बाहेर आली."

तिच्या मागून येणारा शेळ्यांचा आवाजही बंद झाला. मला वाटलं फोन कट झाला. मी हॅलो हॅलो केलं.

"हाय की मी," ती म्हणाली. "बरं झालं. चांगली निघाली म्हणायची बंदूक." मग म्हणाली, "सकाळी तुमचं बाजलं इणून घेतलं व्हतं नव्या सुतळीनं. जुनी सैल पडली व्हती. असू द्या. दिवाळीला याल तवा हुईल."

मला म्हणायचं होतं की बंदूक पहिल्या दिवसापासून चांगली होती, दोष माझ्यात होता. म्हणायचं होतं की आज मी मुद्दाम हरायला आलो होतो आणि ते मला जमलं नाही. सोमवारी जात नाही, उद्याच्या गाडीनं येतो, हेही म्हणायचं होतं. तोंड उघडलं तर बाहेर आलं ते एवढंच.

"शेळ्यांना पाणी पाजलं का?"

"पाजलं की," ती म्हणाली. "कवाच."